टाकी-पंप कंट्रोलरचं डिझाइन बाहेर द्यावं की घरात करावं?

पॅनेलवाला_रबाळे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं पॅनेलचं युनिट आहे. डीओएल, स्टार-डेल्टा असे मोटर चालू करणारे स्टार्टर, सोसायट्यांचे पंप पॅनेल. आता खालची टाकी आणि गच्चीवरची टाकी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारा, सेक्रेटरीच्या मोबाइलवर खबर देणारा कंट्रोलर काढायचाय. पहिल्या वर्षी ५०० नग, जमलं तर पुढच्या वर्षी २०००.

आमच्याकडे वायरमन आहेत, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला सुपरवायझर आहे. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड), फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम), प्लास्टिकचा साचा यातलं कुणालाच येत नाही. रस्ते दोन दिसतात. दोन इंजिनीअर कामावर ठेवायचे, नाहीतर महाप्याच्या डिझाइन हाऊसला (दुसऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन करून देणारी कंपनी) द्यायचं. त्यांचं कोटेशन ११ लाख अधिक जीएसटी, मुदत ६ महिने, साचा वेगळा. भागीदार म्हणतात बाहेर दिलं की आपलं गुपित बाजारात. जाणकारांनी मत द्यावं.

फ्लक्सकर

बाहेर द्या. दोन माणसांत हे काम बसत नाही, कारण यात पाच वेगवेगळी कामं आहेत: सर्किट आणि पीसीबी, फर्मवेअर, खोका, ॲप-सर्व्हर, चाचण्या. पीसीबी लेआउटचं काम सहा महिन्यांत फार तर तीन आठवड्यांचं. त्यासाठी वर्षभर पगार कोण देणार?

साधा हिशेब मांडा. समजा दोघांना ७० हजार प्रत्येकी, म्हणजे वर्षाला १६ लाख ८० हजार. त्यात पीएफ, ऑसिलोस्कोप, सॉफ्टवेअरची लायसन्स आणि चुकलेल्या बोर्डांचा खर्च धरलेला नाही. वर कंट्रोलर तयार झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्या दोघांना काय काम द्याल? पुढचं प्रॉडक्ट रांगेत नसेल तर चांगला माणूस स्वतःच निघून जातो आणि जाताना डोक्यातलं सगळं घेऊन जातो. घरात केलं म्हणजे ज्ञान घरात राहिलं, असं काही नसतं.

फक्त ११ लाखांत काय काय येतं ते लेखी मागा. बोर्डाच्या किती फेऱ्या? प्रोटोटाइप किती नग? लॅबची फी कोणाची? ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीचं? लॅबमध्ये बोर्ड नापास झाला तर पुढची फेरी कोणाच्या खर्चाने? भांडण हमखास या शेवटच्या प्रश्नावर होतं.

खाडीपलीकडे

फ्लक्सकर, हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धा. लेआउट, चाचण्या जरूर बाहेर द्या. पण पंप कधी चालू, कधी बंद, किती वेळ थांबायचं, हे लॉजिक घरातल्या माणसाला बदलता आलं पाहिजे. एका सोसायटीत ठाणे महापालिकेचं पाणी पहाटे येतं, दुसरीकडे संध्याकाळी, तिसरीकडे टँकर. प्रत्येक बदलासाठी डिझाइन हाऊसला मेल, मग कोटेशन, मग पंधरा दिवस थांबा. गिऱ्हाईक तुमच्या नावाने ओरडतं, डिझाइन हाऊसच्या नाही.

फ्लक्सकर

त्यासाठी इंजिनीअर ठेवायची गरज नाही. वेळा, लेव्हल, विलंब हे सगळे आकडे सेटिंगमध्ये काढायला लावा. सुपरवायझर पासवर्ड टाकून बदलेल. कोडमध्ये एकही आकडा गाडलेला नको, हे करारातच लिहा.

खाडीपलीकडे

सेटिंगमध्ये तेवढंच निघतं जे आधी सुचलेलं असतं. असो. निदान एक माणूस असा हवा की ज्याला स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचता येतं आणि आढावा बैठकीत प्रश्न विचारता येतो. फर्मवेअर शिकलेला एक डिप्लोमावाला पोरगा पुरे.

फ्लक्सकर

एका माणसापुरतं मान्य.

टाकी_आणि_तोटी

कोणाला द्यायचं याआधी काय द्यायचं ते ठरवा. "टाकी भरली की पंप बंद" हे स्पेसिफिकेशन नाही, ही इच्छा आहे. डिझाइन हाऊसला टाकीची माहिती नसते, ते पहिला सुचेल तो सेन्सर लावतात.

उदाहरण घ्या स्टीलच्या प्रोबचं. स्वस्त आहे म्हणून कोटेशनात तेच असणार. प्रोबवर सतत डीसी ठेवला की इलेक्ट्रोलिसिस होतं, एक सळई खाल्ली जाते, दुसरीवर क्षार बसतात, आणि काही महिन्यांत टाकी भरलेली असूनही कंट्रोलरला रिकामी दिसते. प्रोबच लावायचे तर दिशा सारखी उलटसुलट होणारा सिग्नल द्यावा लागतो, दोन्ही बाजूंना समान वेळ, आणि तोही मोजायच्या क्षणापुरता. बाजारातला स्वस्त वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक घेतला तर तोंडापासून साधारण २० ते २५ सेंमीपर्यंतचं त्याला दिसतच नाही. म्हणजे टाकी काठोकाठ येत असतानाच तो आंधळा. शिवाय झाकणाखाली वाफ धरून थेंब लटकले की वाटेल ते आकडे देतो.

सोसायटीसाठी तळाशी सोडायचा ४-२० मिलिअँपचा प्रेशर सेन्सर (पाण्याच्या दाबावरून पातळी ४ ते २० मिलिअँप करंटमध्ये सांगणारा) मला योग्य वाटतो. महाग आहे, पण वायर दोनच, आणि करंट ३.६ मिलिअँपच्या खाली गेला की वायर तुटली हे लगेच कळतं. दोन मीटर खोल टाकीला ० ते ३ मीटरचा घ्या, ० ते १० चा नको, नाहीतर मापाचा पाचवा हिस्साच वापरात येतो. डिझाइन हाऊस ईएसपी-३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) वापरणार असेल तर त्याच्या आतल्या एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वरच्या टोकाला माप वाकडं होतं, हे लक्षात ठेवा. करंट मोजायला लावलेल्या १५० ओहमच्या रेझिस्टरवर २० मिलिअँप म्हणजे ३ व्होल्ट, नेमकं त्याच टोकाला. १२० ओहम घातला तर २.४ व्होल्टवर थांबतं. नाहीतर वेगळी एडीसी चिप लावा.

मग हे लिहा: पंप चालू असताना सेन्सरची वायर तुटली तर काय? (पंप बंद, अलार्म.) वीज जाऊन आली तर किती सेकंदांनी चालू? बंद झाल्यावर परत चालू व्हायला किमान किती मिनिटं? खालची टाकी कोरडी पडली तर? ऑटो-ऑफ-मॅन्युअल स्विच मॅन्युअलवर टाकल्यावर इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण बाजूला पडतं की नाही? हा शेवटचा मुद्दा सोडूच नका. बोर्ड मेला तरी वॉचमनला पंप चालवता आला पाहिजे.

आठ-दहा पानं होतील. ही पानं तुम्हीच लिहायची, ती आउटसोर्स करू नका. पॅनेलवाल्याला हे माहीत असतं, डिझाइन हाऊसला नसतं.

पॅनेलवाला_रबाळे

टाकी_आणि_तोटी, हे प्रिंट काढून ठेवतोय. आणखी एक. गच्चीपासून पंपरूमपर्यंत वायर नको, वायफायवर करू असं डिझाइन हाऊस म्हणतंय. चालेल?

टाकी_आणि_तोटी

पंधरा मजली टॉवर म्हणजे ४५ मीटर आणि मधे पंधरा आरसीसी स्लॅब. पंपरूम तळघरात. वायफाय विसरा. एकतर डक्टमधून शील्डेड केबल ओढा, नाहीतर लोरा (थोडा डेटा लांबवर नेणारा रेडिओ). लोरा घेतलात तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येतं. पण कित्येक मॉड्यूल युरोपच्या सेटिंगवर येतात, ८६८.१ आणि पुढे. ते आपल्या पट्ट्याच्या बाहेर पडतं. फ्रिक्वेन्सी स्पेसिफिकेशनमध्ये आकड्यानिशी लिहा.

मोबाइलवर खबर द्यायला सिम लागणार असेल तर नव्या डिझाइनमध्ये टूजी मॉडेम घेऊ नका. जिओवर टूजी नाहीच. अँटेना केबल लावून पंपरूमच्या बाहेर काढा.

स्नबर

एक गोष्ट राहिली, आणि असे कंट्रोलर मार बहुतेक वेळा तिथेच खातात. डिझाइन हाऊसच्या टेबलावर बोर्ड झकास चालतो, कारण तिथे समोर एलईडी असतो. पॅनेलमध्ये समोर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा, कॉइलवर चालणारा स्विच) असतो. कॉन्टॅक्टर सुटला की कॉइल व्होल्टेजची उसळी मारते आणि मायक्रोकंट्रोलर रिसेट होतो. रिसेट झाला की पुन्हा टाकी बघतो, पुन्हा पंप चालू करतो. नुसता कटकट आवाज.

उपाय सोपा: कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या टर्मिनलवरच आरसी स्नबर (उसळी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅराडचा एक्स-२ कपॅसिटर. बोर्डावर लावून उपयोग कमी, कारण मधली वायर अँटेनासारखी वागते. हे पॅनेलवाल्याचं काम, म्हणून डिझाइन हाऊस कोटेशनात धरत नाही आणि तुम्हाला कुणी सांगत नाही.

दुसरं, न्यूट्रल तुटला की सिंगल फेजवर ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतं. २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेज झेलणारा पार्ट) तिथे जळतो आणि शेजारचा ट्रॅकही घेऊन जातो. तुमच्याकडे तीन फेज आहेतच, तर दोन फेजमधून चालणारा पॉवर सप्लाय घ्या किंवा आधी ओव्हर-व्होल्टेज कटऑफ लावा.

प्रोटोटाइपचा स्वीकार टेबलावर करू नका. तुमच्याच शॉपमधल्या पॅनेलमध्ये लावा, ५ एचपीची मोटर जोडा आणि कॉन्टॅक्टर दिवसभर चालू-बंद करा, हजार वेळा. एकही रिसेट नको. हे वाक्य करारात स्वीकृतीची अट म्हणून घाला.

साचेवाला_वागळे

साच्याबद्दल. ५०० नगांसाठी साचा काढूच नका.

समजा दोन भागांच्या खोक्याचा साचा ३ लाखांत पडला. ५०० नगांवर वाटला तर नगामागे ६०० रुपये, प्लास्टिक आणि मजुरी वेगळी. २००० वर तेच १५० रुपये. आणि मुळात तुमचा कंट्रोलर पॅनेलच्या आतच बसणार आहे! ३५ मिमीच्या डिन रेलवर (पॅनेलमधली धातूची पट्टी) बसणारी तयार खोकी मिळतात, १७.५ मिमीचं एक मॉड्यूल या हिशेबात. सहा मॉड्यूलचं म्हणजे १०५ मिमी रुंद. पीसीबी त्या मापात करायला सांगा. समोर छापील पॉलिकार्बोनेट स्टिकर, झालं काम. डिझाइन हाऊसच्या कोटेशनातून इंडस्ट्रियल डिझाइनची ओळ खोडा.

पुढे स्वतःचा साचा काढलात तर ड्रॉइंग बनवणाऱ्याला साचेवाल्यासमोर बसवा. स्क्रीनवर सुंदर दिसणारं खोकं साच्यातून बाहेर यायला हवं. भिंत २.५ मिमी धरली तर रिब (आतली आधारपट्टी) त्याच्या निम्म्याच्या आसपास, नाहीतर बाहेरच्या बाजूला खड्डा उमटतो. ड्राफ्ट (नग साच्यातून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) निदान एक अंश, टेक्स्चर असेल तर जास्त. एबीएस प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आकसतं, पीपी प्लास्टिक त्याच्या दुपटी-तिपटीने. म्हणजे एबीएससाठी कापलेल्या साच्यात नंतर पीपी ओतून चालत नाही. २३० व्होल्ट आत असल्याने मटेरियल व्ही-० दर्जाचं, ज्वालारोधक. पहिल्या ट्रायलचे नग कधीच बरोबर येत नाहीत, दोन-तीन ट्रायल दरातच धरून घ्या. साच्यावर तुमच्या कंपनीची प्लेट ठोका आणि साचा तुमच्या मालकीचा असल्याचं पत्र मोल्डरकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. पैशांवरून बिनसलं की साचा अडकतो.

मिसळ_कमी_तिखट

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता वही घेतली.

कलम_एकोणीस

भागीदारांच्या भीतीबद्दल. फक्त एनडीए (गुप्ततेचा करार) करून निर्धास्त होऊ नका. एनडीए गुप्ततेपुरता असतो, मालकी देत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. डिझाइन हाऊस तुमचा नोकर नाही. त्यामुळे पूर्ण पैसे दिले तरी सोर्स कोडचा पहिला मालक तेच, वेगळं लिहून घेतलं नसेल तर. हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं, हे कलम १९. त्यातली गोम बघा: मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात हक्क वापरला नाही म्हणून तो परत जाऊ शकतो. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी, वापर न केल्यास परत न जाणारं" हे शब्द करारात हवेतच. डिझाइन हाऊसची जुनी लायब्ररी तुमच्या कोडमध्ये असणार, ती ते विकणार नाहीत. तिचा कायमचा, फी नसलेला परवाना घ्या.

"पुढे कोणासाठीही पंप कंट्रोलर बनवणार नाही" अशी अट लोक हौसेने घालतात. करार संपल्यावर ती कोर्टात टिकणं कठीण, करार कायद्याचं कलम २७. त्यापेक्षा तुमच्या फाइल्स दुसऱ्याला वापरणार नाही, ही अट घट्ट लिहा.

खोक्याचा आकार वेगळा असेल तर डिझाइन्स ॲक्ट २००० खाली नोंदणी होते, १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. अर्ज प्रदर्शनात किंवा वेबसाइटवर दाखवण्याआधी करायचा. तयार खोकं वापरलंत तर हा विषयच संपला.

फ्लक्सकर

कायदा झाला, आता तांत्रिक कुलूप. तुमचं गुपित सर्किटात नाही, रिले आणि सेन्सर कुणीही बघून काढेल. गुपित फर्मवेअरमध्ये. ते चिपमधून वाचता येऊ नये म्हणून रीडआउट प्रोटेक्शन किंवा फ्लॅश एन्क्रिप्शन चालू करायला सांगा. त्याच्या किल्ल्या आणि अपडेटवर सही करायची किल्ली तुमच्या तिजोरीत. ती डिझाइन हाऊसकडेच राहिली तर उद्या दुसऱ्याकडून अपडेट करून घ्यायचा रस्ता बंद.

आणि सर्व्हरचं खातं, डोमेन, प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातं, सिमचा करार, चारही पहिल्या दिवसापासून तुमच्या कंपनीच्या नावावर. "आत्ता आमच्या खात्यावर टाकतो, नंतर बदलू" याला हो म्हणू नका.

खाडीपलीकडे

हँडओव्हरला काय मागायचं ते टाकतो. स्कीमॅटिक आणि लेआउटच्या मूळ फाइल्स, पीडीएफ नव्हे. गर्बरवरून (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला द्यायची फाइल) बोर्ड बनतो, पण बदलता येत नाही. बीओएममध्ये (पार्टची यादी) प्रत्येक पार्टला उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर आणि दुसरा पर्याय. नुसतं "१० मायक्रोफॅराड कपॅसिटर" चालणार नाही, असेंब्लीवाला सर्वांत स्वस्त लावेल आणि व्होल्टेज रेटिंग बघणार नाही. २०२१-२२ च्या चिपटंचाईत एकाच मायक्रोकंट्रोलरवर अडकलेल्यांचे काय हाल झाले ते सगळ्यांना माहीत आहे. पिक-अँड-प्लेस फाइल (मशीनने पार्ट कुठे बसवायचे ते सांगणारी), टेस्ट जिग (तयार बोर्ड तपासायचा साचा) आणि तिची कृती. सोर्स कोड संपूर्ण इतिहासासकट, फक्त हेक्स (चिपमध्ये टाकायची तयार फाइल) नव्हे.

मिळालं ते खरं की नाही हे तपासायची एकच रीत: कोऱ्या कॉम्प्युटरवर, त्यांच्या माणसाने हात न लावता, त्यांच्या लेखी सूचनांवरून फर्मवेअर बनवून बघा. बनलेली फाइल बोर्डात टाका, बोर्ड चालला पाहिजे. इथे हमखास एखादी लायब्ररी गायब निघते. ही परीक्षा पास झाल्यावरच हँडओव्हरचा हप्ता.

बिल_टू_बिल

हप्त्यांचं: आगाऊ १५ टक्के, स्कीमॅटिक आणि बीओएमच्या आढाव्यानंतर २०, पहिले पाच बोर्ड चालल्यावर २०, लॅब पास झालेले २५ नग दिल्यावर २०, हँडओव्हरला १५. उरलेले १० टक्के फील्डमध्ये तीन महिने चालल्यावर. आगाऊ ५० मागितले तर दुसरीकडे जा. उलट बाजूने, ते उद्यम नोंदणीतले सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतील तर काम स्वीकारल्यावर त्यांचं बिल ४५ दिवसांत चुकवायचं असतं, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. म्हणून "काम स्वीकारलं" म्हणजे नेमकं काय, ते प्रत्येक हप्त्यापुढे लिहा.

बदल मागितला की पैसे लागणार हे गृहीत धरा. स्पेसिफिकेशन गोठवल्यानंतरच्या बदलाचा तासाचा दर आधीच ठरवा. फुकट करून देतो म्हणणारा मुदतीत वसूल करतो.

पॅनेलवाला_रबाळे

सगळ्यांचे आभार. भागीदारांना धागा वाचायला दिला. ठरलं ते असं: स्पेसिफिकेशन आम्ही लिहिणार, साचा रद्द, डिन रेलचं तयार खोकं. सर्किट, लेआउट, फर्मवेअर, ॲप बाहेर. फर्मवेअर शिकलेला एक मुलगा घरात घेतोय, पहिल्या बैठकीपासून बसेल. खोडायच्या ओळी खोडून सुधारित कोटेशन मागवलंय. लॅबचं तेवढं सांगा, रबाळ्याच्या जवळपास काय आहे?

स्नबर

रबाळ्यातच एर्डाची लॅब आहे. अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल, चुनाभट्टीला आयडेमी, याही चाचणीच्या लॅब. तारीख घेण्याआधी तुम्हाला हवी ती चाचणी त्यांच्या एनएबीएल स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत) आहे का ते विचारा.

मागायचं काय: सर्ज (व्होल्टेजची मोठी उसळी) आयईसी ६१०००-४-५, वायर ते वायर १ किलोव्होल्ट, वायर ते अर्थ २. फास्ट ट्रान्झियंट (स्विच उघडझाप झाल्यावर येणारे झटपट झटके) ६१०००-४-४, पॉवरच्या बाजूला २ किलोव्होल्ट. ईएसडी (अंगातल्या स्थिर विजेचा झटका) ६१०००-४-२. सेन्सरची केबल जोडलेली असू द्या, गच्चीवरून येते तेवढ्याच लांबीची गुंडाळी घेऊन जा. केबल न जोडता पास झालेल्या रिपोर्टला अर्थ नाही. "पास" म्हणजे काय हेही लॅबला लेखी द्या: सर्ज येऊन गेल्यावर बोर्ड आपोआप सावरला तर चालेल, पण त्या क्षणी पंप स्वतःहून चालू झाला तर नापास.

वायरलेस मॉड्यूल ईटीए (रेडिओ उपकरणाची सरकारी मंजुरी) असलेलंच घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत आत्ताच मागा. सुटी चिप आणि स्वतःचा अँटेना केला तर आरएफचे रिपोर्ट तुमच्या गळ्यात. सिमवालं मॉडेल टीईसीच्या एमटीसीटीई (दूरसंचार उपकरणांचं सक्तीचं प्रमाणीकरण) यादीत बसतं का, याचं उत्तर डिझाइन हाऊसकडून कोटेशनाबरोबरच लेखी घ्या.

टाकी_आणि_तोटी

आणि लॅबला एकच बोर्ड नेऊ नका. तीन न्या. सर्जमध्ये एक जातोच, मग तारीख परत मिळेपर्यंत बसून राहावं लागतं. जळलेला बोर्ड तिथे टाकून येऊ नका, कुठला पार्ट आधी गेला ते डिझाइन हाऊसला दाखवायला लागेल.